काशीरामचा कान आणि भागोजीचा नारळ

काशीराम विलणकराने आयुष्यात एकही वस्तू न वाजवता घेतलेली नाही. मडकं टिचकी मारून, फणस थापटून, कलिंगडाला बुक्की घालून. गॅसचा सिलिंडर दारात आला की हा आधी तो हलवून बघणार आणि मग आणून देणाऱ्याच्या तोंडाकडे बघणार. चिमाला बघायला गेला होता तेव्हा वडीलधाऱ्यांनी म्हटलं, मुलीला काय विचारायचं ते विचार. यानं ना शिक्षण विचारलं, ना स्वयंपाक. म्हणाला, "मोठ्यांदी हाक मारून दाखव." कुणाला, म्हणून तिनं घाबरत विचारलं. "कुणालापण. गाईला मार." चिमानं अशी हाक मारली की गोठ्यातली गाय दाव्यासकट अंगणात आली. लग्न तिथंच ठरलं. त्या हाकेची पुढं त्याला किती गरज लागणार होती, हे तेव्हा ना त्याला माहीत होतं, ना गाईला.

अठ्ठ्याण्णव साली कोकण रेल्वे सुरू झाली तेव्हा सगळी रत्नागिरी गाडी बघायला स्टेशनावर लोटली होती. हा पठ्ठ्या गेला तो रुळाला कान लावून आला. "आवाज बरोबर नाय," म्हणाला, आणि मुंबईला भावाकडे जायचं झालं की मुकाट एसटीची रांग धरत राहिला.

त्याचं दुकान बाजारात, रस्ता देवळाकडे वळतो त्या कोपऱ्यावर. दुकान म्हणजे वर पत्रा, खाली फळ्या, आणि फळ्यांवर दोन ढीग. उजवीकडे नारळ, डावीकडे गोटे. घाटावरची गिऱ्हाइकं तिथं हमखास चक्रावायची, कारण त्यांच्याकडे गोटा म्हणजे नदीतला गुळगुळीत दगड. "मामा, गोटे कशाला मांडलेत?" असं कुणी विचारलं की काशीराम आधी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळायचा. हा थट्टा करतोय की खरंच अडाणी आहे, याचा अंदाज घ्यायचा. मग सांगायचा.

"आत पाणी हाय तोवर तो नारळ. पाणी आटला, खोबरा करवंटीपासून सुटला, की तो गोटा. नारळ देवापुढं फुटतो, गोटा घाण्यात जातो. नारळ हलवलात तर डुबुकतो, गोटा खडखडतो. बायकोला डिंकाचे लाडू करायचे असतील तर गोटा न्या. पण देवाला, दर्याला आणि सोयरिकीला नारळच लागतो. सोयरिकीच्या ताटात गोटा घातलात तर वरमाय ते ताट तुमच्या डोक्यावर पालथा घालील."

नारळांवरच थांबला असता तर तो काशीराम कसला. आळीतली माणसंसुद्धा त्यानं याच दोन ढिगांत वाटून टाकली होती. दूधवाला गोटा. नगरपालिकेतले साहेब गोटा. वाजतात फार, आत थेंब नाही. शेजारचा भिकाजी नारळ, पण जरा तडकलेला. भिकाजीला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "आणि स्वतःला काय समजतोस?" काशीराम म्हणाला, "मी कान हाय." आणि ते खरंच होतं. ढिगातला कुठलाही नारळ उचलावा, कानाशी एकदा हलवावा, आणि सांगावं, हा आठवड्यात तडकेल, हा दोन महिने राहील, हा गोटा व्हायला लागला. फोडून बघितलं तर बोट ठेवायला जागा नसायची. वर्षानुवर्षं बाजार त्या कानावर चालला.

मग कधीतरी, दोन हजार दोनच्या सुमाराला, काशीरामच्या लक्षात आलं की सगळी रत्नागिरी त्याच्याविरुद्ध कट करते आहे.

सुरुवात घरातून झाली. चिमा आणि लेक दिशा स्वयंपाकघरात कुजबुजायला लागल्या. पूर्वी चिमा बोलली की शेजारच्या घरात उत्तर मिळायचं, आणि आता ओठ हलतात, शब्द नाही. म्हणजे काहीतरी लपवतायत. तो दबकत दाराशी जाऊन उभा राहायचा. "काय बोलत होतात?" "मीठ संपलंय म्हणत होते, अवो!" मीठ संपल्याचं कुजबुजत सांगतात होय? त्यानं डबा उघडून बघितला. मीठ खरंच संपलं होतं. तर त्यावर त्याचं म्हणणं, डबा आधीच रिकामा करून ठेवला असणार.

नाक्यावर चार माणसं बोलत उभी असली आणि हा जवळ गेला की त्यांचा आवाज बसायचा. रिक्षावाल्यांनी तर भोंगे वाजवायचंच सोडलं. अगदी अंगाशी येऊन थांबायचे आणि वर शिव्या द्यायचे. त्याही मनातल्या मनात. टेलिफोनवर भाऊ मुंबईहून बोलायचा तो जणू विहिरीत उतरून. "खात्यानं तारेत काहीतरी घातलाय," काशीराम म्हणायचा. घरातला टीव्ही तर मुकाच झाला. तो उचलून त्यानं सोहम नागवेकराच्या दुरुस्तीच्या दुकानात नेला.

हा सोहम म्हणजे भागोजी नागवेकराचा मुलगा. भागोजीची माडांची बाग खाडीपलीकडे भाट्याला. काशीराम दुकानात बसायला लागला तेव्हापासून त्याचा सगळा नारळ भागोजीकडचा. दोघांची मैत्री अशी की भागोजीचा टेम्पो आला की दोघं एकमेकांना तोंडभर शिव्या द्यायचे आणि मग एकाच बशीतला चहा प्यायचे. त्या मैत्रीची सोयरीक व्हायची होती. दिशा आणि सोहम कॉलेजपासून एकमेकांना ओळखत होती. किती ओळखत होती ते आळीला माहीत होतं, आईबापांना उशिरा कळलं, आणि कळल्यावर दोन्ही घरांनी तोंडदेखलं रागावून घेऊन होकार दिला. तुळशीचं लग्न झालं की साखरपुडा करायचा, असं ठरलेलं.

तर सोहमनं टीव्ही उघडला, बघितला, परत मिटला. आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळलेलं होतं. ते त्यानं जरासं मागं घेतलं आणि चालू केला. दुकानात उभ्या असलेल्या दोन बायकांनी कानांवर हात ठेवले. काशीराम तसाच उभा. "काका, टीव्ही चांगलाय," सोहम हळूच म्हणाला. हळूच म्हणाला, म्हणून काशीरामला ऐकू आलं नाही. ऐकू आलं नाही, म्हणून त्यानं ठरवलं की पोरगा काहीतरी लपवतोय. घरी येऊन चिमाला म्हणाला, "आतले चांगले भाग काढून घेतलेन मेल्यानं. जावई म्हणून बघायला हवा हां."

आळीत तोपर्यंत लहानथोर सगळ्यांना कळून चुकलं होतं की काशीरामचे कान गेले. एका काशीरामला सोडून. आणि ज्याचा कान हीच ज्याची प्रतिष्ठा, त्याला ते सांगायला पुढं कोण होणार? भिकाजीनं एकदा धीर केला. "काशा, तुला हल्ली ऐकायला जरा..." "जिरा? जिरा वाण्याकडे मागा," काशीराम म्हणाला. भिकाजी परत गेला.

पुढच्या वर्षीची नारळी पौर्णिमा आली. काशीरामचा वर्षातला मोठा दिवस. मिरकरवाड्यातले नाखवे दर्याला द्यायचा नारळ त्याच्याकडूनच नेणार, आणि तोही त्यानं कानाला लावून दिलेला. आदल्या दिवशी सकाळी भागोजीचा टेम्पो आला. शेंडी ठेवून सोललेले, सोनेरी, डोळ्यात भरावेत असे नारळ. काशीरामनं वरचा उचलला, कानाशी हलवला.

काही नाही.

दुसरा हलवला. काही नाही. तिसरा. त्याचा चेहरा उतरायच्या ऐवजी चढत गेला. डोळे बारीक झाले.

"भागोजी, ह्ये काय आणलंस?"

"नारळ. काय असणार? भोपळे?"

"कान लाव."

भागोजीनं हलवला. "बोलतोय की रे! डुबुक डुबुक."

"कुठं बोलतोय? मुका हाय. पाणी आटलाय. गोटाच हा, फक्त अजून बोलायला शिकला नाय."

भागोजीला आधी ही रोजची थट्टा वाटली. त्यानं हसत हसत कोयतीच्या पाठीनं नारळाला ठोका घातला. पाणी उडालं ते काशीरामच्या बंडीवर. काशीराम बंडीकडे बघत म्हणाला, "वर चांगले ठेवलेस. खालचा काढ." खालचा काढला. फोडला. पाणी. "तो तू निवडलास." "मग तू निवड, मेल्या!" काशीरामनं टेम्पोत चढून, अगदी तळातून, कोपऱ्यातला एक ओढून काढला. हलवला, मुका. फोडला, ओंजळभर पाणी रस्त्यावर. एव्हाना गर्दी जमली होती आणि गर्दीत हशा सुरू झाला होता, आणि तो हशा मात्र काशीरामला ऐकू आला.

"ह्ये पाणी नाय तर काय?" भागोजी ओरडला.

"पाणी हाय," काशीराम म्हणाला. "पण वाजत नाय. न वाजणारा पाणी मी जन्मात बघितला नाय. तू कायतरी केलंयस."

हशा थांबला. भागोजी टेम्पोच्या फळीला टेकून उभा राहिला. तो रागीट नव्हे. पण बापानं लावलेल्या माडांवर त्याचा जीव, आणि भर बाजारात, नाखव्यांच्या देखत, त्याच्या मालाला गोटे म्हटलं गेलं होतं. त्यानं फुटलेल्या करवंट्या गोळा केल्या, टेम्पोत टाकल्या. मग जवळ येऊन, एकेक शब्द मोठ्यानं, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा बोलला.

"काशा, तुझी पोर माझ्या घरात येणार होती. तुला माझा नारळ नारळ वाटत नाय, तर माझा पोरगा तरी पोरगा वाटंल काय? साखरपुडा हवा असंल तर ज्या तोंडानं गोटा म्हणालास, त्याच तोंडानं चारचौघांत नारळ म्हण. माझ्या हातचा नारळ घे, कानाला लाव, आणि म्हण. नायतर सोयरीक नाय."

टेम्पो माल घेऊन परत भाट्याला गेला. त्या पौर्णिमेला काशीरामनं दुसरीकडून आणलेले नारळ विकले. तेही मुकेच होते. सगळ्या जिल्ह्याचे माड एकाच वेळी मुके झाले, हे त्याला जरा जडच गेलं पचायला. पण त्यानं पचवलं. भागोजीनं सगळ्यांना फितवलं असणार.

दिशा रडली नाही. रडली असती तर काशीरामला कळलं असतं काय करायचं. ती बापासमोर जेवणाचं ताट ठेवायची आणि जायची. कुजबुजसुद्धा बंद झाली. घरात खरोखरच शांतता पसरली, आणि आधीची शांतता आणि ही शांतता यात काहीतरी फरक आहे, एवढं त्या संशयी डोक्यालाही जाणवायला लागलं.

शेवटी चिमानं एका दुपारी दुकानातून दोन फळं आणली आणि त्याच्या मागं जाऊन उभी राहिली. "वळू नका," गाईला मारली होती त्या आवाजात ती म्हणाली. "काय वाजतं ते सांगा."

खडखड. "गोटा," काशीराम म्हणाला.

मग बराच वेळ काहीच नाही. "हलव की!"

"हलवतेय."

"खोटा. हात आखडून धरला असशील."

तिनं पुढं येऊन नारळ त्याच्या डोळ्यांदेखत हलवला. मग त्याच्या हातात दिला. त्यानं हलवला. आत पाणी इकडून तिकडे जात होतं. तळव्याला ते स्पष्ट लागत होतं, पोटातल्या पोराच्या लाथेसारखं. कानाला लावलं की नुसतं लाकूड. डाव्या कानाला, उजव्या कानाला. परत डाव्या. त्यानं चिमाकडे अशा नजरेनं बघितलं, की कटात तूसुद्धा. मग नजर खाली घातली.

"कधीपासून?"

"वर्ष तरी झाला."

"सगळ्यांस ठाऊक हाय?"

"देवळातल्या गुरवाला नसंल कदाचित. तो स्वतः बहिरा हाय."

त्या दिवशी काशीराम दुकानात गेला तो उशिरापर्यंत फळी लावून आतच बसला. काय करत होता ते कुणी बघितलं नाही. पण भिंतीपलीकडे भिकाजीला मात्र ऐकू येत होतं. डुबुक. डुबुक. मग थोडा वेळ काही नाही. मग परत डुबुक.

इतकं झालं तरी माणूस बदलतो थोडाच. दोन दिवसांनी चिमा नवी साडी नेसून "मावशीकडे जाते" म्हणून निघाली, आणि काशीरामला वास आला. मावशीकडे जाताना ती कधी केसांत अबोली माळत नाही. तो रिक्षानं मागोमाग. चिमा भाट्याचा पूल ओलांडून भागोजीच्या बागेत शिरली. काशीराम सुरूच्या झाडाआड उभा राहून बघायला लागला. काय बोलतात ते ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. पण दिसत होतं. चिमा हात जोडून काही सांगत होती. मग तिनं हात स्वतःच्या कानाला लावला. एकदा. परत एकदा. भागोजीचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. तो हसला की कळवळला, हे एवढ्या लांबून समजेना. मग त्यानं मान हलवली, आणि माडाकडे बोट दाखवून बराच वेळ काहीतरी बोलला.

चिमा घरी आली. "मावशी बरी हाय?" "बरी हाय." मग तीच म्हणाली, "आणि भागोजीभावजी भेटले वाटेत. साखरपुडा करूया म्हणतात. पण अट तीच. बोलून बसले हायत ना बाजारात, आता मागं कसे येणार? तुम्ही नुसता कानाला लावायचा, आणि नारळ म्हणायचा. बस."

"न ऐकता?"

"न ऐकता."

न वाजवता! आणि भागोजीला आता ठाऊक होतं की याला ऐकू येत नाही. चारचौघांत बहिऱ्याच्या हातात काय द्यायचं आणि त्याच्याकडून काय म्हणवून घ्यायचं, हे सगळं आता भागोजीच्या मर्जीवर. पण दिशा आतल्या दारातून बघत होती. काशीराम म्हणाला, "म्हणंन."

साखरपुडा विलणकरांच्याच ओटीवर झाला. माणसं दाटीवाटीनं बसली; अर्धी सोयरे म्हणून, अर्धी तमाशा बघायला. साडी, साखर, फुलं घातलेलं ताट भागोजीच्या बायकोनं, सत्यवतीनं, पुढं आणलं. मध्ये कुंकू लावलेला, सोनेरी शेंडीचा नारळ. भागोजीनं तो स्वतःच्या हातानं उचलला आणि काशीरामपुढं धरला.

"घे, काशा. लाव कानाला."

ओटीवर सगळे गप्प झाले. काशीरामला ते कळलं, कारण सगळ्यांचे ओठ थांबले. त्यानं नारळ घेतला. हाताला जरा हलका लागला. हलका? की आपल्यालाच वाटतंय? आठवडाभर तो हेच घोकत होता, की ऐकू काही येणार नाही, ऐकायचं नाही, म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. त्यानं नारळ कानाशी नेला, डोळे मिटले, आणि सवयीनं मनगटाला एक झटका दिला.

खडखड.

काशीरामचे डोळे उघडले. नारळ त्यानं दोन्ही हातांत घट्ट आवळून धरला. कितीतरी महिन्यांत त्याच्याशी बोललेला हा पहिला नारळ, आणि तो म्हणत होता, मी गोटा आहे.

शेजारी बसलेला भिकाजी पुढं झुकून मोठ्यांदी म्हणाला, "काय रं वाजला?"

"माझा मनगट," काशीराम पटकन म्हणाला. "सांधे वाजतात हल्ली."

मग त्याचं डोकं जे भिरभिरलं! हे मुद्दाम केलंय. बहिऱ्याला काय कळतंय, म्हणून गोटा दिला, आणि घरी जाऊन हसेल. नाहीतर डाव याहून खोल आहे: हा बघतोय की मला खरंच ऐकू येत नाही की मी सोंग करतोय. मी गोटा म्हटलं तर सोयरीक माझ्या तोंडानं मोडली, हा मोकळा. की सत्यवतीनं पहाटेच्या गडबडीत माळ्यावरून भलताच उचलला? माळ्यावर यांच्याकडे गोटे असतातच. सत्यवती पदर सारखा करत होती. भागोजी सरळ त्याच्याकडे बघत होता, आणि त्या तोंडावर काय होतं ते देव जाणे. आयुष्यभर माणसं वाजवून घेतली, पण भागोजीच्या तोंडातून त्या क्षणी काही आवाज निघेना.

एक शब्द. गोटा म्हटलं की जिंकलो. फोडा म्हणावं. सगळ्या बाजारासमोर, नाखव्यांसमोर, नारळी पौर्णिमेच्या हशासमोर करवंटी दुभंगून सुकं खोबरं दाखवावं. काशीरामचा कान अजून आहे! जिभेच्या टोकावर आलं होतं.

दिशा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती नारळाकडे बघत नव्हती. भागोजीकडेही नाही, सोहमकडेही नाही. ती बापाच्या ओठांकडे बघत होती. गेलं वर्षभर तो साऱ्या जगाच्या ओठांकडे बघत होता, अगदी तशी.

"नारळ," काशीराम म्हणाला.

आणि खोटं बोलायची सवय नसलेला माणूस करतो तेच त्यानं केलं. जरा जास्तच बोलला. "भरलेला हाय. काठोकाठ. डुबुक डुबुक बोलतोय."

ओटीवर एकच गलका झाला. साखर वाटली गेली. भागोजीनं त्याच वेळी एक मोठी शिंक दिली आणि उपरण्यात तोंड खुपसलं. ती शिंक खरी होती की हसू दाबलेलं, की आणखी काही, यावर काशीरामनं पुढं कित्येक रात्री कूस बदलली.

आता प्रश्न होता त्या गोट्याचा. दुसऱ्या दिवशी चिमा म्हणाली, नारळ फोडून खोबऱ्याच्या वड्या करते, भाट्याला पाठवते. "हात लावू नको!" काशीराम देव्हाऱ्यापुढं आडवा झाला. सोयरिकीचा नारळ लग्नापर्यंत देवाजवळ ठेवायचा असतो, आमच्यात तशी रीत आहे, असं त्यानं सांगितलं. चिमाला त्या घरात येऊन पंचवीसेक वर्षं झाली होती. अशी रीत तिनं ऐकली नव्हती. पण तिनं किसणी परत फळीवर ठेवली. देव पुसताना मात्र काशीराम तो नारळ स्वतःच उचलायचा, दोन्ही हातांनी, झोपलेलं मूल उचलावं तसा, जराही न हलवता.

लग्न वैशाखात झालं. सगळे विधी उरकल्यावर भागोजीलाच आठवण झाली. "काशा, त्यो आपला नारळ काढ की. फोडू." काशीरामनं आणला. भागोजीनं कोयतीनं फोडला. आत पांढराशुभ्र, करवंटीपासून सुटलेला, गुळगुळीत गोटा. नारळ इतके महिने ठेवला की एक तर तडकतो, नाहीतर त्याचा गोटा होतो. मंडपातल्या एकालाही नवल वाटलं नाही.

"बघ," भागोजी म्हणाला. "झाला गोटा."

"झाला खरा," काशीराम म्हणाला. "साखरपुड्याला नारळ होता."

"व्हता ना?"

"तूच दिलेलास. तुला ठाऊक."

बाहेर बेंडबाजा सुरू झाला. भागोजीनं खोबऱ्याचा तुकडा तोडून काशीरामच्या हातावर ठेवला, त्याच्या खांद्याला धरून जवळ ओढलं आणि कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलला. बराच वेळ बोलला. गालाला त्याचा श्वास लागला, मिशी टोचली. शब्द एकही नाही. काशीरामनं मान डोलावली. "हां, हां," म्हणाला. भागोजीनं डोळे पुसले आणि जेवणाच्या पंगतीकडे गेला.

काय बोलला? चिमाला विचारलं, तिला माहीत नाही. भिकाजी जवळच उभा होता, पण त्याचं लक्ष जिलबीकडे. काशीरामनं खोबऱ्याचा तुकडा आधी हुंगला, उजेडात धरून बघितला, आणि मग तोंडात टाकला. गोड होता.

पुढं सोहमनं सासऱ्याला कानाचं यंत्र आणून बसवलं. काशीराम ते लावून पहिल्यांदा दुकानात गेला आणि नारळ हलवला. डुबुक! यंत्र काढून हलवला. काही नाही. लावून हलवला. डुबुक! त्यानं यंत्र उलटसुलट करून बघितलं आणि जावयाला म्हणाला, "ह्यात पाण्याचा आवाज भरून तर ठेवला नाय ना?" पण आता ते यंत्र त्याच्या कानात दिवसभर असतं. गिऱ्हाइकांची कुजबुज ऐकू येते, रिक्षावाल्यांच्या शिव्या ऐकू येतात, टीव्ही आळीला त्रास न होता चालतो. दुसऱ्या कुणाचा माल आला की एकेक नारळ अजून कानाशी जातो.

भाट्याचा टेम्पो कोपऱ्यावर वळताना दिसला मात्र, की काशीराम यंत्र काढून शर्टाच्या खिशात ठेवतो. भागोजी फळीवर नारळ उतरवत राहतो, शिव्या देत राहतो, ओठ हलवत राहतो. काशीराम एकेक नारळ त्याच्या हातातून घेतो आणि न हलवता उजवीकडच्या ढिगावर ठेवतो.